आधीं थांबावें, मग धांवावें

प्रत्येक पिढीच्या तरुणांस आपलें वाहन शेजाऱ्याच्या वाहनापेक्षां थोडें अधिक धांवावें असें वाटत आलें आहे. आमच्या आजोबांच्या काळीं ही हौस बैलजोडीवर भागत असे, वडिलांच्या काळीं सायकलीवर; आतां ती मोटारीवर येऊन ठेपली आहे. हौस जुनीच आहे. मात्र चुकीची किंमत पूर्वीपेक्षां फार वाढली आहे.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत ही हौस विशेष दिसते, आणि त्याचें कारणहि उघड आहे. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज कंपनीचा कारखाना सुरू झाला. २००१ सालीं शेंद्र्यास स्कोडा मोटारींची जुळणी होऊं लागली. आणि या दोहोंच्या आधारानें सुटे भाग घडविणारे लहानमोठे कित्येक कारखाने उभे राहिले. त्यामुळें येथील पुष्कळ घरांत एखादा तरी मनुष्य मोटारीचा कोणता तरी भाग घडविण्यांत, तपासण्यांत किंवा विकण्यांत गुंतलेला असतो. अशा घरांत जेवणाच्या पंक्तींतहि गिअर आणि ब्रेक यांच्या गोष्टी निघाल्यास नवल नाहीं.

आमच्याहि घरांत त्या निघत असत. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा अभियंता आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यानें आपल्या पगारांतून एक जुनी पेट्रोल मोटार विकत घेतली. एंजिन १५०० सी.सी.चें, शक्ति सुमारें शंभर घोड्यांची, आणि टर्बो नाहीं. गाडी हातीं येतांच तिचा वेग वाढविण्याची यादी त्यानें तयार केली. यादींत पहिला होता मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मग उघडा एअर फिल्टर, मोठीं चाकें, गाडी खालीं बसविणाऱ्या आंखूड स्प्रिंगा, आणि शेवटीं एंजिनाच्या संगणकाची नवी शिकवण. त्याच्या आईनें विरोध केला, बंधु मौन राहिले, आणि आम्हीं "करूं द्या, त्याच्या कमाईचें आहे" असें म्हणून मोकळे झालों. सायलेन्सर बसला. गल्लींतील कुत्रीं तेवढीं त्यामुळें अधिक वेगानें पळूं लागलीं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत त्याच गाडींतून आम्ही पाटणादेवीस निघालों. चाळीसगांवाजवळच्या या पाटण गांवीं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख सांपडला आहे. तो परिसर मुलांस दाखवावा असा हेतु होता. गाडींत आमच्या मातोश्री, दोन लहान मुलें, आम्ही आणि गाडी चालविणारा पुतण्या. संभाजीनगराकडून जातांना कन्नडच्या पुढें औट्रम घाट लागतो. पठार संपतें आणि रस्ता वळणें घेत खानदेशांत उतरतो. पुढें मालमोटारींची रांग होती. पुतण्या तिसऱ्या गिअरमध्यें गाडी ठेवून पुनःपुन्हां ब्रेक दाबीत उतरत होता. अर्धा घाट उतरल्यावर गाडींत जळका वास येऊं लागला, आणि पुढच्या वळणावर त्यानें पाय दाबला तों पेडल ओल्या चिखलांत रुतावें तसें खालीं गेलें. गाडी थांबेना. मुलाचें भान सुटलें नाहीं ही ईश्वराची कृपा. त्यानें पेडल भराभर चार वेळां दाबलें, गाडी दुसऱ्या व मग पहिल्या गिअरमध्यें घातली, हातब्रेक हळू हळू ओढला आणि डोंगराच्या बाजूस गाडी घासत उभी केली. अर्धा तास कोणी बोललें नाहीं. मातोश्रींनीं मात्र एवढेंच विचारलें, "अरे, आवाज एवढा मोठा करून घेतलास, मग थांबायचं राहिलं कसं?"

परत आल्यावर जिन्सींतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं ब्रेकच्या तेलाची टांकी उघडून दाखविली. तेल चहासारखें काळसर झालें होतें. "साहेब, हें शेवटचं कधी बदललं?" त्यांनीं विचारलें. पुतण्यास उत्तर देतां येईना, आणि घरांतील वडीलधारे म्हणून आम्हांसहि. पुढील मजकूर आहे तो त्या दिवसापासून आम्हीं दोघांनीं मिळून जें वाचलें, विचारलें आणि करून पाहिलें त्याचा. ज्यांच्या घरीं असा तरुण आहे त्यांस तो उपयोगीं पडेल.

एंजिनाचा श्वास

प्रथम टर्बो नसणें म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. कारण पैसे कोठें वायां जातात याचें उत्तर त्यांतच आहे. पेट्रोल जळण्यास हवा लागते. जितकी हवा आंत येईल तितकेंच पेट्रोल नीट जळेल आणि तितकीच शक्ति मिळेल. साध्या एंजिनांत पिस्टन खालीं जातांना जी पोकळी होते, तींत बाहेरची हवा वातावरणाच्या दाबानेंच शिरते. टर्बोच्या एंजिनांत बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक लहानसें चक्र मिनिटास लाखाच्या वर फेरे घेतें आणि त्याच दांड्यावरील दुसरें चक्र हवा दाबून आंत भरतें. चुलीवर तोंडानें फुंकर घालणें आणि लोहाराचा भाता चालविणें, यांत जें अंतर तेंच या दोहोंत आहे.

भात्याचा जोर वाढवितां येतो. म्हणून टर्बोच्या मोटारीच्या संगणकाची शिकवण बदलली तर शक्ति शेंकडा वीस किंवा त्याहूनहि अधिक वाढूं शकते. पण ज्या एंजिनास भाताच नाहीं, त्याच्या बाबतींत हाच उपाय केला तर शेंकडा तीन ते पांच एवढीच वाढ पदरांत पडते, आणि तीहि एंजिन फार वेगानें फिरत असतांना. शहरांतील क्रांतिचौकापासून सिडकोपर्यंतच्या रहदारींत ती कोणास जाणवणार?

खरी वाढ हवी असल्यास कॅमशाफ्ट बदलावा लागतो, कॉम्प्रेशन वाढवावें लागतें, सिलिंडरच्या माथ्यावरील हवेचे मार्ग घांसून मोठे करावे लागतात. तें काम कुशल कारागिराचें आहे. त्यास खर्च फार, आणि त्यानंतर गाडी कमी फेऱ्यांवर पूर्वीपेक्षां मंदच होण्याचा संभव असतो. नवशिक्यानें त्या वाटेस जाऊं नये.

आमच्या गांवची हवाहि येथें विचारांत घेतली पाहिजे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंच आहे. मुंबईच्या मानानें येथें हवेचा दाब शेंकडा सहा-सात कमी, म्हणजे शंभर घोड्यांचें साधें एंजिन येथें येतांच सहा-सात घोडे गमावून बसतें. वैशाखांत पारा ४० अंशांवर गेला कीं हवा आणखी विरळ होते. २५ अंशांच्या मानानें हा तोटा शेंकडा पांच भरतो. टर्बोचा भाता ही तूट पुष्कळशी भरून काढतो. साध्या एंजिनास तें शक्य नाहीं. ज्या तीन-चार घोड्यांसाठीं आमचा पुतण्या पगार वेंचणार होता, त्यांच्या तिप्पट घोडे गांवची उंची आणि उन्हाळ्याची दुपार मिळून फुकट घेऊन जातात.

पहिला खर्च निगेचा

जुन्या मोटारीचा वेग वाढविण्याचा पहिला व सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे तिचा हरवलेला वेग तिला परत देणें. स्पार्क प्लग झिजले आहेत काय, हवेचा फिल्टर धुळीनें भरला आहे काय, व्हॉल्व्हांचें अंतर बरोबर आहे काय, प्रत्येक सिलिंडरचें कॉम्प्रेशन सारखें आहे काय, चाकांचें अलाइनमेंट ठीक आहे काय, एवढें पाहून घ्यावें. ब्रेक अर्धवट चिकटून राहिला असेल तर नुसत्या त्यानेंच गाडी जड होते. हातानें चाक फिरवून पाहिलें तरी हें कळतें.

जुन्या गाडीवाल्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. २०२५ सालापासून आपल्याकडील पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलांत पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांश उष्णता असते, म्हणून मैलाचा हिशेब थोडा उतरतो. शिवाय जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वॉशर हे अशा मिश्रणाचा विचार करून केलेले नसतात. त्या नळ्या कडक झाल्या असतील, त्यांस भेगा गेल्या असतील, तर त्या प्रथम बदलाव्या. पेट्रोल गळणाऱ्या गाडीस वेग देण्यांत शहाणपणा नाहीं. महाग, अधिक ऑक्टेनचें पेट्रोल घातल्यानें शक्ति वाढते ही समजूतहि बहुतांशीं खोटी आहे. ज्या एंजिनास त्याची गरज आहे त्यासच त्याचा उपयोग, इतरांस नाहीं.

टायर आणि ब्रेक

गाडी रस्त्यास चार ठिकाणीं टेकते, आणि प्रत्येक ठिकाण सुमारें तळहाताएवढें असतें. एंजिन कितीहि बलवान असलें तरी धांवणें, वळणें आणि थांबणें हीं तिन्ही कामें त्या चार तळहातांच्या आधारानेंच व्हावयाचीं. म्हणून यादींत टायर सर्वांत वर असावेत. टायरच्या बाजूस चार आंकडे कोरलेले असतात, ते त्याची जन्मतिथि सांगतात. ३२१९ याचा अर्थ २०१९ सालचा ३२ वा आठवडा. खांचा खोल दिसल्या तरी जुना टायर आंतून कडक झालेला असतो. खांचांची खोली कायद्यानें १.६ मिलिमीटरहून कमी चालत नाहीं. कोरलेल्या मजकुरांत वेगाचें अक्षरहि असतें. 'टी' असल्यास ताशीं १९०, 'एच' असल्यास २१० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. हवा गाडी थंड असतांना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणें भरावी.

आमच्या शहराजवळून समृद्धि महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरांत त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्यें ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तेथें मोटारीस ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. काँक्रीटचा तापलेला सरळ रस्ता, कमी हवेचा जुना टायर आणि तासन्‌तास तोच वेग, या तिघांची गांठ पडली कीं टायर फुटण्यास वेळ लागत नाहीं. या मार्गावर चढण्यापूर्वीं टायर पाहणें हा विधि समजावा.

मोठीं, रुंद चाकें दिसण्यांत शोभिवंत असतात. पण तीं जड असतात आणि त्यांस फिरविण्यांतच एंजिनाची थोडी शक्ति खर्ची पडते. बाहेरचा व्यास वाढला तर प्रत्येक गिअर लांबतो आणि गाडी पूर्वीपेक्षां मंद उठते. मूळ मापाचेच, पण उत्तम जातीचे टायर घेणें हा त्याहून चांगला सौदा आहे.

आतां ब्रेक. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतीची शक्ति चौपट होते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीस, कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चालकाच्या एका सेकंदाच्या विलंबासह थांबण्यास सुमारें ३५ मीटर लागतात. १२० च्या वेगांत तेंच अंतर शंभर मीटरांच्या वर जातें. ही सारी शक्ति उष्णता होऊन ब्रेकच्या चकत्यांत, पॅडांत व तेलांत उतरते. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ जातीचें नवें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण ओल शोषलेल्या तेलास ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येते. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. आणि वाफ दाबली जाते, म्हणून पाय खालीं जातो पण चाकास कांहींच कळत नाहीं. औट्रम घाटांत आमच्या बाबतींत घडलें तें हेंच. अर्ध्या तासानें तेल निवलें आणि पेडल पुन्हां पूर्ववत् झालें. म्हणून हा दोष कपटी आहे, घरीं तपासतांना दिसत नाहीं.

उपाय सोपा आहे. दर दोन वर्षांनीं तेल बदलावें, पॅड चांगल्या प्रतीचे घालावे, चकत्यांची जाडी मोजून घ्यावी. घाट उतरतांना ज्या गिअरमध्यें चढलों असतों त्याच गिअरमध्यें उतरावें आणि ब्रेकवर सतत पाय ठेवूं नये.

शॉक ॲबसॉर्बर आणि त्यांचे रबरी बुश यांचीहि पाळी याच वेळीं येते. जुनें शॉक ॲबसॉर्बर गेल्यास टायर रस्त्यावरून उसळतो, आणि उसळलेला टायर ना वळवितो ना थांबवितो. स्प्रिंगा कापून गाडी खालीं बसविण्याचा प्रघात मात्र सर्वथा त्याज्य आहे. कापलेली स्प्रिंग खड्ड्यांत जागेवरून निसटूं शकते.

वजन फुकट उतरतें

चालकासह हजार किलोची गाडी आणि शंभर घोडे असा हिशेब धरला तर एका घोड्यास दहा किलो ओढावे लागतात. गाडींतून चाळीस किलो उतरविले तर चार घोडे वाढविल्यासारखें होतें, तेंहि विनामूल्य. आमच्या पुतण्याच्या डिकींत गाण्याची एक अजस्र पेटी, जुनीं हत्यारें आणि कधींकाळचा क्रिकेटचा संच होता. तो उतरविल्यावर गाडीचा चढावरील फरक मातोश्रींसहि कळला. स्टेपनी व जॅक मात्र गाडींतच राहूं द्यावे.

गोव्यांत विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नांवाची दोन आसनांची उघडी मोटार तयार होऊं लागली. तिचें रेनो एंजिन १२०० सी.सी.च्या आंतबाहेरचें, टर्बोविना, शक्ति साठ घोड्यांच्या आसपास. आजच्या साध्या कौटुंबिक मोटारीसहि याहून अधिक शक्ति असते. तरीहि काचतंतूची हलकी काया असल्यानें ती मोटार खेळकर वाटे. कुर्ल्याच्या कारखान्यांतून २००१ सालीं बाहेर पडलेली फियाट पालिओ १६०० सी.सी.ची, शंभर घोड्यांची. तीहि टर्बोविनाच हौशी लोकांस प्रिय झाली. मोटारीचें सुख नुसत्या घोड्यांच्या संख्येंत नसतें, हें या दोन गाड्यांवरून ध्यानांत येईल.

हवा, आवाज आणि कायदा

उघडा फिल्टर एंजिनाशेजारीं बसविला तर तो एंजिनाचीच तापलेली हवा ओढतो आणि शक्ति उलट घटते. मूळच्या पेटींत बहुधा पुढच्या बाजूची थंड हवा येण्याची सोय केलेली असते. मराठवाड्याच्या धुळींत तीच पेटी आणि नवा कागदी फिल्टर हेंच योग्य. सायलेन्सरविषयीं काय सांगावें? आवाज म्हणजे शक्ति नव्हे. टर्बोविना एंजिनांत नुसता मागचा सायलेन्सर बदलून मिळणारी वाढ बोटांवर मोजण्याइतकी असते; त्रास मात्र सर्व आळीस होतो. आपल्या राज्यांतील कित्येक शहरांत पोलिसांनीं असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखालीं चिरडल्याचीं छायाचित्रें वाचकांनीं पाहिलीं असतील.

कायदाहि स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडींत उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाहून भिन्न असा बदल करण्यास मनाई केली आहे, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें तोच अर्थ कायम केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें आलेल्या १८२-अ कलमाप्रमाणें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनीहि प्रश्न विचारते. वर सुचविलेले टायर, पॅड, तेल, शॉक ॲबसॉर्बर हे मूळ मापाचे व प्रमाणित घेतल्यास या भानगडींत पडत नाहींत, हा त्यांचा आणखी एक गुण.

चालकाची तालीम

ज्यास खराच वेग अनुभवावयाचा आहे त्यानें तो रस्त्यावर नव्हे, शर्यतीच्या मार्गावर अनुभवावा. एके काळीं मुंबईस जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होत. आज चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथें आणि कोइमतूरजवळ कारी येथें मार्ग आहेत. आपल्याकडे कोल्हापुरास मोहिते यांचा गो-कार्टिंगचा मार्ग आहे. गो-कार्टची शक्ति थोडी, पण वळणापूर्वीं कोठें ब्रेक दाबावा, नजर कोठें ठेवावी, चाक किती हळुवार फिरवावें, हें ती जितकें शिकविते तितकें शंभर घोड्यांची मोटारहि शिकवीत नाहीं. तीच तालीम पुढें घाटांत, पावसांत आणि आणीबाणींत उपयोगीं पडते.

आमच्या पुतण्यानें यादी पुन्हां लिहिली. प्रथम ब्रेकचें तेल, पॅड व चकत्या. मग चार टायर. मग शॉक ॲबसॉर्बर, पेट्रोलच्या नळ्या आणि प्लग. मूळचा सायलेन्सर परत बसला. एवढें झाल्यावर जी रक्कम उरली ती कोल्हापूरच्या दोन फेऱ्यांसाठीं बाजूस ठेवली आहे. गाडी सरळ रस्त्यावर पूर्वीपेक्षां विशेष वेगानें जात नाहीं. पण वळणावर ती आतां डळमळत नाहीं, आणि पाय ठेवतांच थांबते. त्यामुळें चालकाचा जीव शांत असतो, आणि शांत जिवाचा मनुष्य कन्नडहून चाळीसगांवास पूर्वीपेक्षां लवकरच पोंचतो.

आम्हांसहि एक धडा मिळाला. "त्याच्या कमाईचें आहे" असें म्हणून आम्हीं जो हात झटकला, तो झटकावयास नको होता. आणि वहिनींनीं नुसतें "नको" म्हटलें, त्यानेंहि कांहीं साधलें नाहीं. तरुणाची हौस मोडूं नये. तीस क्रम लावून द्यावा. घरांतील वडिलांनीं एके रविवारीं त्याच्याबरोबर गाडीचें बॉनेट उघडून उभें राहावें आणि ब्रेकचें तेल कोणत्या रंगाचें आहे एवढें पाहावें. या माघांत आम्ही पुन्हां पाटणादेवीस जाऊन आलों. घाट उतरतांना मातोश्रींची जपमाळ हातांतच होती; पण अर्ध्या वाटेवर त्यांस झोंप लागली.